संगणकातील शेजारधर्म

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मला एक अहवाल पाहावा लागला. अहवाल फार जुना नव्हता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कार्यालयात तो संगणकावर तयार झाला होता. मजकूर सुस्थितीत होता, शीर्षके जागच्या जागी होती आणि मधोमध खर्चाचा एक तक्ता होता. त्यातील एका बेरजेविषयी मला शंका आली. ती बेरीज कोणत्या रकमांची आहे हे पाहावे म्हणून मी तक्त्यावर दोनदा टिचकी मारली. संगणकाने उत्तर दिले, की हा तक्ता ज्या आज्ञावलीने रचला ती या यंत्रावर नाही. आकडे डोळ्यांसमोर होते. ते कोठून आले हे सांगणारा मात्र निघून गेला होता.

मी इतिहासाचा विद्यार्थी. संगणकाचे शास्त्र माझे नव्हे. जुन्या दप्तरातील कागदाला कसर लागते, शाई फिकी पडते, हे मला ठाऊक होते. परंतु एकाच कागदावरील एक ओळ बोलावी आणि तिच्या खालचा तक्ता मुका व्हावा, हा अनुभव नवा होता. त्या दिवशी लक्षात आले, की संगणकावरील ज्या लेखाला आपण एक कागद समजतो तो वस्तुतः एक कागद नसतोच. ते एक एकत्र कुटुंब असते. मजकूर एका आज्ञावलीचा, तक्ता दुसरीचा, आकृती तिसरीची, गणिताचे समीकरण चौथीचे. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गावी, एकमेकांची तोंडओळखही नसताना लिहिलेले हे घटक एका खिडकीत नांदतात आणि एकमेकांशी बोलतात. हे त्यांना साधले कसे, आणि त्यासाठी आपल्याला कोणती किंमत मोजावी लागली, याचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे. तो आज थोडक्यात सांगावा असा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत करणे योग्य होईल. तेथील डग्लस मॅकिलरॉय या गणितज्ञाने १९६४ साली एका टिपणात अशी इच्छा व्यक्त केली होती, की बागेला पाणी घालण्याची रबरी नळी जशी दुसऱ्या नळीला जोडता येते, तशा आज्ञावली एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीतील गार्मिश येथे सॉफ्टवेअरच्या अभियांत्रिकीवर एक परिषद भरली. आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, झाल्या तर चालत नाहीत, अशी चिंता त्या परिषदेत सर्वांनाच होती. तेथे मॅकिलरॉय यांनी आपल्या निबंधात विचारले, की कारखान्यांना जसे तयार सुटे भाग बाजारात मिळतात तसे आज्ञावली लिहिणाऱ्याला का मिळू नयेत? प्रत्येकाने आपला खिळा आपणच का घडवावा? पुढे १९७३ मध्ये केन टॉमसन यांनी युनिक्स या यंत्रणेत मॅकिलरॉय यांची नळी प्रत्यक्षात आणली. एका आज्ञावलीतून बाहेर पडणारा अक्षरांचा प्रवाह दुसरीच्या तोंडी जाऊ लागला.

ही नळी आजही कोट्यवधी यंत्रांत वाहते आहे. तथापि नळीतून पाणी एकाच दिशेने जाते. पुढच्या आज्ञावलीला मागचीला काही विचारायचे असेल तर तिच्याजवळ साधन नाही. सुटे भाग एकापुढे एक उभे राहिले होते. त्यांनी समोरासमोर बसून बोलणे अद्याप व्हायचे होते.

ते बोलणे कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सुरू झाले. १९७० साली स्थापन झालेल्या या केंद्रात अ‍ॅलन के यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक नावाची भाषा घडविली. के यांनी जीवशास्त्राचेही शिक्षण घेतले होते. शरीरातील पेशी जशी आपल्या भिंतीच्या आत स्वतंत्र असते आणि बाहेरच्या जगाशी संदेशांनीच व्यवहार करते, तसा संगणकातील प्रत्येक घटक असावा अशी त्यांची कल्पना होती. दुसऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही. जे हवे ते मागायचे, आणि ते कसे द्यायचे हे त्याच्यावर सोपवायचे. याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास मजकूर कापून दुसरीकडे डकविण्याची सोय केली. आज ती शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. झेरॉक्सने १९८१ मध्ये ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर मजकूर, तक्ता आणि आकृती एकाच पानावर सुखाने बसत असत. परंतु ते सारे एकाच कंपनीने एकाच छपराखाली लिहिलेले होते. एका आईची लेकरे एका ताटात जेवली तर त्यात नवल ते काय? परक्यांची पंगत बसविणे हा खरा प्रश्न होता.

कापून डकविणे ही क्रिया दिसायला सोपी असली तरी तिच्या आत एक सुबक शिष्टाचार आहे. आपण तक्ता उचलतो तेव्हा देणारी आज्ञावली एकच वस्तू ठेवून जात नाही. ती यादी ठेवते: हाच मजकूर माझ्याजवळ साध्या अक्षरांत आहे, सजविलेल्या रूपात आहे, चित्राच्या रूपातही आहे. घेणारी आज्ञावली ती यादी पाहते आणि आपल्याला समजेल असे सर्वांत समृद्ध रूप उचलते. समान भाषा नसेल तर निदान चित्र तरी घेऊन जाते.

आपल्या भाषेच्या लोकांना या शिष्टाचाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्या काळात देवनागरीचे टंक प्रत्येक विक्रेता आपापल्या संकेताने घडवीत असे, त्या काळी एका आज्ञावलीतील मराठी परिच्छेद दुसरीत डकविला की त्याची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होई. अक्षरे पोचत, अर्थ पोचत नसे. कारण ‘या अंकाचा अर्थ क’ हा करार दोघांत झालेलाच नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तो करार घरोघरच्या यंत्रांत उतरेपर्यंत मात्र पुष्कळ वर्षे गेली. संवाद म्हणजे शब्द पोचविणे एवढेच नव्हे, त्याआधी शब्दाच्या अर्थाविषयी एकमत लागते. घटकांच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

डकविलेला आकडा हा मृत आकडा. मूळ हिशेबात दुरुस्ती झाली तरी अहवालात तो जुनाच राहतो. म्हणून १९८७ मध्ये विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टने आज्ञावलींमधील संभाषणाची एक पद्धत आणली. तिचे नाव डायनॅमिक डेटा एक्स्चेंज. तिची रीत बाजारातल्या पुकाऱ्यासारखी होती. एक आज्ञावली पडद्यावरील सर्व मुख्य खिडक्यांना उद्देशून हाक देई: अमुक नावाचा कोणी आहे काय, आणि अमुक विषयावर बोलेल काय? ज्याचे नाव असेल तो ‘आहे’ म्हणून उत्तर देई आणि संभाषण सुरू होई. आकडा बदलताच तो आपोआप धाडायचा असा संबंध असेल तर त्याला ‘उष्ण’ म्हणत. बदल झाल्याची केवळ वर्दी द्यायची असेल तर ‘कोमट’. आणि विचारल्यावरच सांगायचे असेल तर ‘थंड’. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार पाहिला आहे त्यांना या तिन्ही प्रकारच्या कार्यालयांचा परिचय असेलच.

या पद्धतीने आकडे जिवंत झाले, पण तिच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. हाक दिली आणि समोरचा घरी नसला, किंवा दुसऱ्या कामात गुंतला असला, तर विचारणारा ताटकळत राही. शिवाय आकडे आले तरी त्यांवर काम करण्याचे कौशल्य त्यांच्याबरोबर येत नव्हते. म्हणून १९९०च्या सुमारास वस्तूच आत बसविण्याची कल्पना आली. तिला ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग, म्हणजे संक्षेपाने ‘ओएलई’, म्हणतात. तिच्यात दोन मार्ग होते. एकात तक्ता स्वतःच्या धारिकेतच राही आणि लेखात केवळ त्याचा पत्ता लिहिला जाई. दुसऱ्यात तक्ता आपल्या साऱ्या सूत्रांसह लेखाच्या पोटात जाई, आणि त्याबरोबर त्याचे एक चित्रही ठेवले जाई. तक्त्याची आज्ञावली हजर नसली तरी निदान चित्र दिसावे हा हेतू. आरंभी मी ज्या मुक्या तक्त्याचा उल्लेख केला, ते हेच चित्र.

या कल्पनेची दुसरी आणि प्रौढ आवृत्ती १९९३ मध्ये आली. तिच्या पायाशी ‘कॉम’, म्हणजे कॉम्पोनंट ऑब्जेक्ट मॉडेल, नावाची तत्त्वप्रणाली होती. ही प्रणाली मला शासनव्यवहाराच्या इतकी जवळची वाटते, की तिच्यापाशी जरा थांबावेसे वाटते.

‘कॉम’चे पहिले तत्त्व असे, की कोणीही कोणाला आतून ओळखायचे नाही. ओळखायचा तो केवळ करार. या करारास इंटरफेस म्हणतात. ‘मी ही ही कामे, या या क्रमाने, या या अटींवर करीन’ अशी ती कलमांची यादी असते. घटक कोणत्या भाषेत लिहिला, कोणी लिहिला, याची चौकशी नाही. दुसरे तत्त्व अधिक कडक आहे. एकदा प्रसिद्ध केलेला करार कधीही बदलायचा नाही. सुधारणा करायची असेल तर नवा करार नव्या क्रमांकाने प्रसिद्ध करावा. जुना आहे तसाच चालू राहील. राजपत्रात प्रसिद्ध झालेली अधिसूचना कोणी खोडून दुरुस्त करीत नाही, दुसरी अधिसूचना काढतात, तसेच हे. आणि क्रमांक देण्यासाठी मध्यवर्ती कचेरी लागू नये म्हणून प्रत्येक करारास १२८ द्विमान अंकांचा क्रमांक देण्यात आला. असे जे क्रमांक होऊ शकतात त्यांची संख्या आपल्या दशमान पद्धतीत ३९ अंकी आहे. जगात कोठेही कोणीही स्वतःपुरता क्रमांक काढला तरी तो दुसऱ्याच्या क्रमांकाशी जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्य. ही युक्ती अपोलो नावाच्या संगणक कंपनीत १९८०च्या दशकात निघाली होती. ‘कॉम’ने ती उचलली.

तिसरे तत्त्व प्रश्न विचारण्याचे. प्रत्येक घटकाला किमान एक करार पाळावाच लागतो आणि त्यात तीनच कलमे असतात. त्यांपैकी पहिले कलम म्हणजे ‘तू अमुक क्रमांकाचा करार पाळतोस काय?’ या प्रश्नास उत्तर देणे. उत्तर ‘नाही’ आले तरी तो अपराध नव्हे. विचारणारा साध्या करारावर भागवतो. नवा घटक जुन्या घरात आणि जुना घटक नव्या घरात राहू शकला तो या सभ्यतेमुळे. या मूळ करारास त्याच्या कर्त्यांनी ‘अज्ञात’ या अर्थाचे नाव दिले आहे. समोर कोण आहे हे ठाऊक नाही, या कबुलीपासून व्यवहार सुरू करण्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते.

उरलेली दोन कलमे मोजणीची. एका घटकाचा उपयोग किती जण करीत आहेत याची संख्या तो घटक स्वतः राखतो. नवा आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा, शून्यावर आला की आपला कारभार आटोपायचा. परंतु येथेच दुतर्फी संवादाची गोम आहे. लेखाने तक्त्याला धरून ठेवले, आणि बदल झाल्याची वर्दी देता यावी म्हणून तक्त्यानेही लेखाला धरून ठेवले, तर दोघांचीही संख्या शून्यावर येत नाही. दोघेही एकमेकांसाठी जागे राहतात आणि यंत्राची स्मृती अडवून बसतात. तुमची फाईल बंद झाली की आमची करू, असे दोन खात्यांनी एकमेकांस लिहावे तसा हा प्रकार. त्यावर आज्ञावलीकारांनी उपाय काढले. वर्दी घेणारा एक वेगळा हलका दूत नेमायचा, निरोप घेण्याची वेळ कोणी तरी एकाने ठरवायची, वगैरे. तरी ही चूक पुढेही असंख्य आज्ञावलींत होत राहिली.

प्रत्यक्ष पडद्यावर या करारांचे फळ असे दिसे. लेखातील तक्त्यावर दोनदा टिचकी मारली, की नवी खिडकी उघडण्याऐवजी त्याच जागी तक्ता जागा होई. तक्ता घरमालकास विचारी: माझी अवजारे मांडायला कडेने इतकी जागा मिळेल काय? घरमालक शक्य तेवढी जागा देई, अथवा नकार देई. नकार मिळाला तर तक्त्याने मुकाट्याने भागवायचे. वरच्या आज्ञापट्टीचीही वाटणी ठरलेली होती. धारिका उघडणे-मिटणे आणि खिडक्यांची मांडणी ही कामे घरमालकाकडे. संपादन आणि साहाय्य ही पाहुण्याकडे. काम आटोपून मजकुरावर टिचकी मारली की पाहुणा आपली अवजारे उचलून घेई. वापरणाऱ्यास वाटे, की एकच आज्ञावली आहे. त्यामागे दोन परक्यांची केवढी देवाणघेवाण चालली आहे याचा त्याला पत्ता नसे. या साऱ्याचे विवेचन करणारा क्रेग ब्रॉकश्मिट यांचा ग्रंथ १९९५च्या आवृत्तीत हजारावर पृष्ठांचा झाला होता. शेजारधर्माचे नियम लिहून काढायचे म्हटले की ते एवढे होतात!

याच सुमारास दुसरा, आणि काहीसा अधिक उदार, प्रयोग चालू होता. अ‍ॅपल, आयबीएम आणि नोव्हेल या कंपन्यांनी ओपनडॉक नावाची योजना हाती घेतली आणि तिच्या देखरेखीसाठी १९९३ मध्ये एक स्वतंत्र संस्था काढली. ओएलईमध्ये घरमालक ही एक मोठी आज्ञावलीच असे. ओपनडॉकच्या प्रवर्तकांचे म्हणणे असे, की घरमालक हवाच कशाला? कागद वापरणाऱ्याचा. त्याला हवा तो मजकूर-घटक एकाकडून घ्यावा, हवा तो चित्र-घटक दुसऱ्याकडून, आणि सर्वांनी कागदाची सेवा करावी. वेगवेगळे पदार्थ एका डब्यात नीट कप्पे करून ठेवतात त्या जपानी डब्याचे नाव, बेंटो, त्यांनी आपल्या धारिकेच्या रचनेस दिले होते. १९९५च्या अखेरीस ही यंत्रणा मॅकिंटॉशवर आली. तिच्यावर उभारलेला सायबरडॉग नावाचा जाळ्यावरील घटकसंचही १९९६ मध्ये निघाला. परंतु तिला स्मृती फार लागे, आणि त्या काळच्या यंत्रांत ती थोडी होती. त्याहून मोठी अडचण व्यापाराची होती. पेटीभर आज्ञावली विकून पोट भरणाऱ्या कंपन्यांना तिचे तुकडे करून विकण्यात स्वारस्य नव्हते. अ‍ॅपल स्वतः आर्थिक संकटात होती. मार्च १९९७ मध्ये तिने ओपनडॉकचे काम थांबविले. दोन महिन्यांनी सॅन होजे येथील मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांना एका आज्ञावलीकाराने भर सभेत याचा जाब विचारला. जॉब्स यांचे उत्तर असे, की आधी ग्राहकाचा अनुभव ठरवावा आणि तेथून तंत्राकडे यावे. तंत्रापासून निघून त्याला ग्राहक शोधू नये. हे उत्तर बिनतोड असेल. परंतु कागद वापरणाऱ्याचा हा विचार त्याबरोबर मागे पडला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

मॅकिलरॉय यांनी मागितलेला सुट्या भागांचा बाजार मात्र प्रत्यक्षात भरला, आणि तो एका अनपेक्षित ठिकाणी. १९९१ मध्ये निघालेल्या व्हिज्युअल बेसिक या आज्ञावलीत बाहेरच्यांनी केलेले बटण, पंचांग, आलेख असे घटक बसविता येत. लहान लहान कंपन्या असे घटक करून विकू लागल्या. हेच घटक पुढे ‘कॉम’च्या करारावर बेतले गेले आणि १९९६ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’ या नावाने त्यांना इंटरनेटच्या पानांतही प्रवेश मिळाला.

येथे या इतिहासाला वळण लागते. आतापर्यंत प्रश्न होता, की परके एकमेकांशी बोलतील कसे. आता प्रश्न आला, की बोलू द्यावे कोणाला? जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या मंडळींनी १९९७च्या आरंभी दूरचित्रवाणीवर एक प्रयोग दाखविला. इंटरनेटच्या एका पानात बसविलेला घटक यंत्रात उतरे, तेथे क्विकन नावाची हिशेबाची आज्ञावली शोधून काढी, आणि तिच्या पाठवायच्या आदेशांत पैसे दुसरीकडे वळविण्याचा एक आदेश गुपचूप घुसवी. मालक पुढच्या वेळी आपली देणी भागवी तेव्हा बँक त्याबरोबर हाही आदेश पाळणार! कोणतेही कुलूप तोडलेले नव्हते. पानाने आणलेला पाहुणा घरातल्या कोणत्याही खोलीत मोकळेपणाने शिरू शकत होता, एवढेच.

मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ या उपद्रवाने हाच धडा साऱ्या जगाला दिला. वर्ड या आज्ञावलीतील एका लेखात काही छुप्या आज्ञा होत्या. लेख उघडताच त्या आज्ञा शेजारच्या पत्रव्यवहाराच्या आज्ञावलीस, म्हणजे आउटलुकला, हाक देत आणि तिच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तोच लेख मालकाच्या नावाने पाठवीत. आउटलुकने कोणताही नियम मोडला नव्हता. करारातील कलमाप्रमाणे मागणी आली, तिने ती पुरी केली. विचारणारा कोण, आणि कोणाच्या वतीने विचारतो आहे, हे पाहण्याचे कलम पुरेसे सांभाळलेले नव्हते. सारे आपलेच आहेत असे धरून बांधलेल्या वाड्याचे दार एकाएकी हमरस्त्यावर उघडले होते.

त्यानंतरची पंचवीस वर्षे ही बव्हंशी भिंती बांधण्याची वर्षे आहेत. २००८ मध्ये गूगलने क्रोम हा न्याहाळक काढला. त्यात इंटरनेटवरील पाने वेगवेगळ्या कोंडवजा खोल्यांत चालविली जातात. त्यांना जे हवे ते भिंतीतील झरोक्यातून संदेश पाठवून मागावे लागते, आणि मागणी तपासूनच पुरविली जाते. २०१० सालच्या ऑफिसमध्ये बाहेरून आलेला लेख आधी संरक्षित कोठडीत उघडू लागला. इंटरनेटवरून आलेल्या लेखांतील छुप्या आज्ञा २०२२ पासून मूळ मांडणीतच रोखल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सला आसरा देणारा इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला. मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही तीच वाटचाल दिसते. १९९७ मध्ये आरंभ झालेल्या ग्नोम या प्रकल्पाच्या नावातच ‘जाळ्यावरील घटकांची मांडणी’ असा अर्थ होता. त्याची बोनोबो ही घटकयोजना मागे पडली, आणि वेगवेगळ्या आज्ञावलींनी डी-बस नावाच्या सामाईक टपालवाहिनीवरून बोलावे ही रीत रूढ झाली. अ‍ॅलन के यांनी सांगितलेली पेशी, तिची भिंत आणि तिचे संदेश यांच्याकडे आपण फिरून आलो, असे म्हणायला हरकत नाही.

या भिंतींची निकड एका लहानशा घटकाच्या कथेवरून पटते. वर्डमध्ये गणिताची समीकरणे लिहिण्यासाठी एक ओएलई घटक होता. ज्या रूपात तो शेवटपर्यंत वापरात राहिला ते नोव्हेंबर २००० मध्ये तयार झाले होते. पुढे नवी सोय आली. पण जुन्या लेखांतील समीकरणे उघडावीत म्हणून हा घटक ऑफिसबरोबर जात राहिला. तो स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे ऑफिसभोवती नंतर बांधलेल्या संरक्षणाची सावली त्याच्यावर पडली नव्हती. २०१७ मध्ये त्यात एक गंभीर छिद्र सापडले. ते बुजविण्यात आले, परंतु पुढे आणखी छिद्रे निघाली, आणि जानेवारी २०१८ मध्ये तो घटकच काढून टाकण्यात आला. त्या क्षणी जगातील अगणित लेखांमधील समीकरणे एकदम मुकी झाली. ती दिसतात, छापता येतात. त्यांत एक चिन्हही सहजी बदलता येत नाही.

मला भेटलेला मुका तक्ता त्यामुळे एकटा नव्हता. चूक कोणाची म्हणावी? करार न बदलण्याचे वचन ‘कॉम’ने अक्षरशः पाळले होते, पण करार टिकला तरी तो पाळणारा टिकेल अशी हमी कोणत्याच कलमात नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या लेखाने आपल्या पोटातील क्रमांक वाचून हाक दिली, तर त्या क्रमांकाचे घर आज रिकामे आहे. पत्ता अचूक, पण राहणारा गेलेला. ज्यांच्या हाती सार्वजनिक नोंदी आहेत त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नाही. सरकारी खर्चाचा तक्ता हा पाहण्याचा देखावा नसतो. तो तपासता आला पाहिजे. बेरीज दिसावी आणि बेरजेतील रकमा दिसू नयेत, असा कागद लोकांपुढे ठेवणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय.

त्या अहवालाचे पुढे काय झाले ते सांगतो. कार्यालयाच्या अभिलेखात एक छापील परिशिष्ट होते. कोणा दूरदर्शी लिपिकाने तक्त्यामागच्या रकमा ओळीने टंकून ती पाने फाईलला टाचून ठेवली होती. बेरीज बरोबर होती. माझी शंका चुकली. तेव्हापासून माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या अहवालाबरोबर त्यातील आकडे साध्या, कोणत्याही आज्ञावलीस वाचता येतील अशा अक्षरांतही जोडावेत, असा आग्रह मी धरतो. तरुण सहकारी यास जुनाट खोड समजतात. त्यांना मी त्या लिपिकाची गोष्ट सांगतो.

दरम्यान जुनी आकांक्षा पुन्हा डोके वर काढीत आहे. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने लूप नावाची योजना जाहीर केली. तिच्यातील घटक पत्रात, संभाषणात, लेखात, कोठेही ठेवावेत आणि एका ठिकाणी बदलले की सर्वत्र बदलावेत, अशी ती कल्पना आहे. मॅकिलरॉय यांच्या नळीपासून निघालेला हा ध्यास अद्याप सरलेला नाही, आणि सरेल असेही वाटत नाही. कारण एकट्याने सर्व काही करता येत नाही हे माणसाप्रमाणे यंत्रालाही लागू आहे. परक्यांनी एका घरात नांदायचे तर नियम लिखित असावेत, प्रत्येकाच्या खोलीला दार असावे, आणि दार ठोठावणाऱ्यास ‘आपण कोण, कोणाकडून आलात?’ असे विचारण्याची मुभा असावी, एवढे तर या साठ वर्षांनी शिकविलेच आहे. त्याबरोबर घर सोडून जाणाऱ्याने आपल्या खोलीच्या किल्ल्या मागे ठेवून जाव्यात, हे कलम मात्र करारात अजून लिहायचे राहिले आहे.